काचबाई

औषध शोधणाऱ्या माणसाबद्दल लोकांच्या डोक्यात एक चित्र असतं. पांढरा कोट, हातात रंगीत पाण्याची बाटली आणि एक दिवस "सापडलं!" म्हणून ओरडत धावत सुटणं. हे चित्र ज्यानं कुणी काढलं असेल त्याला एकदा माझ्यासमोर आणा, म्हणजे चार शब्द सुनावून मोकळा होतो. मी उभी हयात या धंद्यात घालवली, धावत सुटलेला कुणी पाहिला नाही. पाहिली ती बेसिनपाशी पाठमोरी उभी असलेली एक बाई. औषधशास्त्रातली डॉक्टरेट घेतलेली, परदेशी मासिकांत नाव छापून आलेली, आणि नळाखाली काचेच्या नळ्या धूत असलेली.

आमच्या संस्थेत त्यांना काचबाई म्हणायचे. तोंडावर म्हणायचे, आणि त्याही ओ द्यायच्या.

मी रसायनवाला. म्हणजे माझं काम रेणू तयार करायचं. ह्याचा एक तुकडा तोड, त्याला तो जोड, असं करत करत कॅन्सरवर चालेल असं काहीतरी बाटलीत भरायचं आणि बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवायचं. पुढचं काम त्यांचं. जिवंत पेशीवर ते काय करतं, उंदराच्या अंगात गेल्यावर कुठं जातं, किती वेळ टिकतं, गाठ मारतं की उंदीरच मारतं. थोडक्यात, पोरं मी जन्माला घालायची आणि नापास बाईंनी करायची. कितीतरी वर्षं आमचं हेच चाललं होतं. सकाळी दारात उभ्या राहायच्या, मान हलवायच्या, "नाही हो, रसायनवाले," म्हणायच्या आणि निघून जायच्या. मला संताप यायचा. वर्षभर ज्याच्यामागे डोळे फोडून घेतले त्याची वासलात ही बाई तीन शब्दांत लावते म्हणजे काय! पण त्यांचं चुकलेलं कधी सापडलं नाही, त्यामुळे भांडायचीही सोय नव्हती.

तर काचेची गोष्ट. बाकी सगळ्या जगानं प्लॅस्टिक धरलं होतं. वापरा आणि फेका, धुण्याची कटकट नाही. बाईंनी मात्र काच सोडली नाही. नळ्या काचेच्या, सुया लावायच्या पिचकाऱ्या काचेच्या, बाटल्या काचेच्या. कारण विचारलं तर त्यांनाही धड सांगता यायचं नाही. त्यांच्या सरांनी तसं शिकवलं होतं, हात तसा बसला होता, एवढंच. दुसऱ्या कुणाच्या धुण्यावर विश्वास नव्हता म्हणून स्वतः धुवायच्या. साबण आणि आम्लानं बोटांना भेगा पडलेल्या असायच्या. भांडारातला कारकून दरवर्षी वैतागायचा, कारण एकट्या बाईंसाठी त्याला काच मागवावी लागायची. काचबाई हे नाव त्यानंच पाडलं.

माझा एक रेणू होता, त्याला आम्ही तेलकट म्हणायचो. पाण्यात धड विरघळायचा नाही, चमच्याला चिकटायचा, हाताला लागला तर दिवसभर जायचा नाही. मला स्वतःलाच त्याची फारशी आशा नव्हती. एका सकाळी बाई दारात आल्या आणि मान हलवायची ती हलवली नाही. म्हणाल्या, "हा बरा दिसतोय." मी खुर्चीत बसलो. उंदरांच्या गाठी आकसत होत्या. त्यांनी परत केलं, पुन्हा परत केलं, तरी आकसत होत्या. बाईंना मी इतकी वर्षं ओळखत होतो, पण त्या आनंदात असल्या की कशा दिसतात ते त्या महिन्यात पहिल्यांदा कळलं.

मग माणसांवर चाचणी करायची ठरली. त्यासाठी बैठक झाली, आमचे साहेब, हॉस्पिटलचे डॉक्टर, मी, बाई आणि आणखी बरेच. डॉक्टर म्हणाले, औषध सलाईनमधून थेंब थेंब द्यायचं, दिवसभर. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा बाईंनी तोंड उघडलं. म्हणाल्या, "देणार कशातून?" त्या पुढं काही बोलायच्या आत साहेब हसत म्हणाले, "झालं, आता काचबाई हॉस्पिटललाही भांडी घासायला लावणार." सगळी खोली हसली. बाईही हसल्या. "नाही, मी आपलं सहज विचारलं," म्हणाल्या आणि आम्ही पुढच्या मुद्द्यावर गेलो. एवढंच झालं. माणूस दिवसातून चार वेळा असं काहीतरी बोलायचं सोडून देतो.

आता बाईंच्या घराबद्दल. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. शांत माणूस. मास्तरांची आई लवकर गेली, तेव्हा थोरल्या बहिणीनं त्यांना वाढवलं. न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत मार खाऊन आले तर जाऊन भांडण्यापर्यंत सगळं तिनं केलं. मास्तर तिला तायडी म्हणायचे, बाई वन्सं म्हणायच्या. उतारवयात वन्सं त्यांच्याकडेच राहायला आल्या होत्या आणि घरात सत्ता त्यांची होती. बाई घरी उशिरा आल्या की त्या दारातच विचारायच्या, "आज काय मारलंस गं?" त्यांच्या लेखी भावजय रोज काहीतरी मारायला जायची आणि हात हलवत परत यायची.

त्या वन्संना कॅन्सर झाला. होते नव्हते ते सगळे उपचार झाले आणि कशाचाच उपयोग होईना. डॉक्टरांनी तेलकटाच्या चाचणीत घेऊ म्हणून सुचवलं, निर्णय डॉक्टरांचा होता, बाईंचा नव्हता. बाईंनी वन्संना समोर बसवून स्पष्ट सांगितलं की हे लागू पडेलच असं नाही, त्रासही होईल. वन्संनी एवढंच विचारलं, की तू केलंयस ना? बाई म्हणाल्या, मी आणि आमच्या रसायनवाल्यांनी. मग झालं तर, म्हणून वन्संनी सही करून टाकली.

मी भेटायला जायचो. वन्सं खाटेवर आडव्या, वर पिशवी लटकलेली, आणि येणाऱ्या प्रत्येक नर्सला त्या सांगायच्या, हे माझ्या भावजयीचं औषध बरं का. थेंब पडताना बघत राहायच्या. मध्येच बाईंचा हात धरून विचारायच्या.

"जातंय ना गं आत?"

"जातंय, वन्सं."

हे मी माझ्या कानांनी कितीदा तरी ऐकलं. दुसऱ्या बाजूला मास्तर बसलेले असायचे, बहिणीच्या पायावर हात ठेवून.

चाचणी तोंडावर आपटली. कुणाचीच गाठ हलली नाही. रुग्णांचं रक्त तपासायला बाईंकडेच येत होतं, आणि रक्तात औषध जवळपास दिसतच नव्हतं. आमच्या धंद्यात असं झालं की एक ठरलेला अर्थ असतो: शरीरानं औषध फेकून दिलं. उंदराच्या अंगात टिकतं ते माणसाच्या अंगात टिकतंच असं नाही, असं कितीतरी औषधांचं झालेलं आहे. बाईंनीही तोच अर्थ लावला. त्याच्याच तर त्या जाणकार होत्या. चाचणी बंद करण्याच्या अहवालात त्यांनी लिहिलं की हे औषध माणसाच्या शरीरात टिकत नाही. खाली सही केली. तेलकटाच्या बाटल्या तळघरातल्या थंड कपाटात गेल्या.

वन्संही गेल्या. शेवटपर्यंत भावजयीच्या औषधाला त्यांनी नावं ठेवली नाहीत, माझंच अंग नाठाळ म्हणून सांगत राहिल्या.

मी बाईंवर रागावलो होतो. कारण काही नव्हतं, माझा रेणू मेला होता आणि कुणावर तरी रागवायचं होतं. पुढची वर्षं कशी गेली ते सांगण्यासारखं नाही. मी नवी पोरं आणायची, बाईंनी मान हलवायची. साहेब बदलले. प्रयोगशाळेच्या भिंतींना दोनदा रंग दिला. बाईंचे केस पांढरे झाले, जिना चढताना त्या मधल्या वळणावर थांबायला लागल्या. एकदा बेसिनपाशी उभ्या असताना म्हणाल्या, "रसायनवाले, थकले हो मी. नाही म्हणून म्हणून थकले." मीही थकलोच होतो.

मग तो ताप आला. नवा विषाणू, औषध नाही, हॉस्पिटलं भरलेली. वरून हुकूम निघाला की कपाटात पडलेली सगळी जुनी औषधं ह्या विषाणूवर लावून बघा. कॅन्सरवर चालली नाहीत तर इथं चालतील कदाचित. बाईंच्या हाताखाली एक नवी मुलगी होती, हुशार, चपळ. तिनं प्लॅस्टिकच्या कप्प्याकप्प्यांच्या ट्रेमध्ये शेकडो बाटल्यांचा फडशा पाडला. तेलकट नापास. मला त्याचं आता काही वाटेनासं झालं होतं.

बाईंनी मात्र त्यातल्या काही बाटल्या आपल्या पद्धतीनं, काचेच्या भांड्यात पुन्हा लावल्या. मुलीला वाटलं, म्हातारीची खोड. आणि काचेच्या भांड्यात तेलकटानं विषाणू अडवला. चांगला घट्ट अडवला.

मुलगी म्हणाली, तुमचं काहीतरी चुकलं असेल. बाई म्हणाल्या, असेल. परत केलं, पुन्हा तेच. एक औषध, एक विषाणू, एकाच खोलीत, आणि प्लॅस्टिकमध्ये मेलेलं ते काचेत जिवंत. तेव्हा बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्या कुणाला काही न बोलता कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये गेल्या आणि हॉस्पिटलात लावतात तशी सलाईनची पिशवी आणि नळी घेऊन आल्या. माझ्या खोलीत येऊन म्हणाल्या, "चला, तुमचा रेणू आहे, तुम्हीही बघा."

दुपारची वेळ होती. त्यांनी पिशवीत तेलकट भरला, पिशवी खुंटीला अडकवली, नळी लावली आणि खाली काचेचं भांडं ठेवलं. आम्ही दोघं स्टुलांवर बसून थेंब पडताना बघत राहिलो. मग खालच्या भांड्यातलं पाणी त्यांनी यंत्रात घातलं. पडद्यावर रेघ आली ती जवळजवळ सपाट. औषध नव्हतंच. वरून भरलं होतं, खाली आलं नव्हतं. मधल्या प्लॅस्टिकनं ते शोषून घेतलं होतं. चमच्याला चिकटणारा, हाताला चिकटणारा माझा तेलकट पिशवीला आणि नळीलाही चिकटून बसला होता. काचेला तेवढा तो चिकटत नसे.

मला आनंद झाला, खोटं कशाला सांगू. माझं पोर नापास नव्हतं, ते परीक्षेलाच पोचलं नव्हतं! मी हसत बाईंकडे वळलो आणि माझं हसू जागच्या जागी राहिलं. त्या नळीकडे बघत होत्या.

"वन्संच्या नळीतच राहिलं ते," त्या म्हणाल्या.

मी म्हणालो, तुम्हाला कसं कळणार होतं. उगाच काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. त्या म्हणाल्या की कळलं असतं. त्या दिवशी प्रश्न ओठांवर होता, लोक हसले म्हणून गिळला. आणि रक्तात औषध दिसलं नाही तेव्हा शरीराला दोष दिला, पिशवीकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता घोडं अडलं ते असं. तेलकट तापावर माणसांना देऊन बघायचा तर आधी तो जुना अहवाल आडवा येणार, बाईंच्याच सहीचा. जे शरीरात टिकत नाही त्याला दुसरी चाचणी कोण देईल? म्हणजे बाईंनी उभं राहून सांगायला हवं की माझा निष्कर्ष चुकला होता आणि का चुकला होता. सांगितलं की बातमी मास्तरांच्या कानावर जाणारच. गप्प बसलं तर औषध कपाटातच राहणार. तिसरा रस्ता नव्हता. बाईंची निवृत्ती तोंडावर आली होती. मूग गिळून बसल्या असत्या तर कुणाच्या बापाला कळलं नसतं, मी तर काही बोललो नसतो.

त्या दोन दिवस कामावर आल्या आणि नुसत्या नळ्या धूत राहिल्या. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "मास्तरांना आधी मी सांगणार. तुम्ही सोबत या. नाहीतर मी दारातनं मागे फिरेन."

आम्ही गेलो तेव्हा मास्तर स्वयंपाकघरात टेबलाशी भाजी चिरत होते. मला बघून त्यांनी चहा टाकला. बाईंनी खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नाही, उभ्या उभ्या सगळं सांगितलं. बैठक, हसणं, पिशवी, नळी, सपाट रेघ. मास्तरांनी सुरी खाली ठेवली.

"म्हणजे तायडीला औषध मिळालंच नाही?"

"जवळजवळ नाही."

"मिळालं असतं तर वाचली असती?"

"माहीत नाही. ते मला कधीच कळणार नाही."

मास्तरांनी चिरलेली भाजी बाजूला सारली. मग अगदी हळू म्हणाले, "ती रोज विचारायची. आणि तू जातंय म्हणायचीस."

"हो."

त्यांनी हात धुतले, पुसले, आतल्या खोलीत गेले आणि दार लावून घेतलं. आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं. चहा उतू गेला तो मी बंद केला.

बाईंनी भरल्या सभेत अहवाल मागे घेतला. फार बोलल्या नाहीत. विचारायला हवं होतं, विचारलं नाही, एवढंच म्हणाल्या. कोण हसलं होतं, काय बोललं होतं, त्यातलं काही काढलं नाही. मी काढणार होतो. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो. तापावरच्या चाचणीला मंजुरी मिळाली. औषध काचेच्या बाटलीतून आणि न शोषणाऱ्या वेगळ्या नळीतून द्यायचं ठरलं. पुढचं आत्ताच सांगून टाकतो: तेलकट काही जादूची कांडी निघाला नाही. काहींना गुण आला, काहींना नाही. कॅन्सरवरही त्याला पुन्हा लावलाय, ते अजून चाललंय. आमच्या धंद्यात ह्याला यश म्हणतात.

घरी मात्र मास्तर बोलेनासे झाले. म्हणजे दूध आणलंय, किल्ली खुंटीवर आहे, एवढं बोलायचे. भांडण नाही, टोमणा नाही. बाई सकाळी डबा घेऊन यायच्या आणि तसाच परत न्यायच्या. मी म्हणायचो, येतील हळूहळू ताळ्यावर. त्या म्हणायच्या, त्यांचं काय चुकलंय ताळ्यावर यायला?

पहिल्या रुग्णाला औषध द्यायचा दिवस आला. वॉर्डात जायला बंदी होती, पण दाराला काच होती. आम्ही दोघं तोंडाला मास्क लावून बाहेर उभे होतो. मागून पावलं वाजली. मास्तर. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. ते आमच्या शेजारी येऊन उभे राहिले आणि आत बघू लागले. कुणीतरी अनोळखी बाई खाटेवर होती, बाटलीतून थेंब पडत होते. बराच वेळ बघून मास्तर म्हणाले, "जातंय ना आत?"

कित्येक महिन्यांत त्यांनी बाईंना विचारलेला तो पहिला प्रश्न होता. बाईंचा मास्क हलला. तो शब्द तोंडात आलेला मला दिसला. आणि त्यांनी तो आवरला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "बघून सांगते."

रक्ताची नळी आली तशी ती घेऊन त्या निघाल्या. मी सोबत जायला निघालो तर हातानंच थांबवलं. मास्तर बाकावर बसले, मी त्यांच्या शेजारी. येणारे जाणारे बघत होतो. दुपार कलली, सफाईवाला येऊन फरशी पुसून गेला, आम्हाला पाय वर करायला लावून. बाईंनी फोन केला असता तरी चाललं असतं, पण त्या स्वतः आल्या. जिना चढून आल्यामुळे धाप लागली होती. मास्तर उभे राहिले.

"जातंय," त्या म्हणाल्या. "या वेळी मोजलंय."

मास्तर पुन्हा खाली बसले आणि रडायला लागले. साठी उलटलेला माणूस, आईच्या मागं राहिलेल्या पोरासारखा रडत होता. बाई शेजारी बसल्या. धीर द्यायला गेल्या नाहीत. थोड्या वेळानं मास्तरांनी न बघताच त्यांचा हात धरला, तो भेगा पडलेला, आणि धरून ठेवला. मी उठून खाली गेलो आणि तिघांसाठी चहा सांगितला.